सही येणाऱ्या बाईची फुली

साहेबांचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या घरी स्वयंपाकघरात डोशाचं पीठ वाटत होते. घरच्या ताईंनी हाक मारली, "शेवंती, तुझा फोन. इंग्लंडहून." हात पुसायचंही सुचलं नाही. साहेब आखातात सोळा वर्षं राहिले, पण हिंदी त्यांना आठ-दहा शब्दांपलीकडे आलं नाही. माझ्याशी बोलायचं काम नेहमी मॅडमच करायच्या. त्या दिवशी साहेबांनी पलीकडे बराच वेळ नुसता श्वास घेतला आणि मग म्हणाले, "शेवंती... मॅडम... खलास." रोज ऐकायचा शब्द. दूध खलास, गॅस खलास. मी "अच्छा साहेब" एवढंच म्हणाले. मला विचारायचं होतं की शेवटी त्या माझ्याबद्दल काही बोलल्या का. फोन ठेवला तेव्हा त्याला पीठ लागलेलं होतं, ते मी पुसून काढलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. गावाहून कोणी आलं की चकल्या ज्या कागदात बांधून येतात, त्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतले गेलेल्या माणसांवरचे लेख मी वर्षानुवर्षं चोरून वाचत आले. कागदाच्या सुरकुत्या काढायच्या, तेलाच्या डागाखालचं अक्षर अंदाजाने लावायचं आणि कोणाची चाहूल लागली की कागद केराच्या पिशवीत. म्हणून वाटलं, मॅडमवर आपणही चार ओळी लिहाव्या. छापायला नाही. चौकटीची वही आहे, तीत.

आधी चोरून का, ते सांगते. मी खेड तालुक्यातली. मराठी चौथी पास आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मध्यस्थाला सांगितलं होतं, लिहिणारी सून नको, माहेरी कागद धाडीत बसेल. मुलगाही शाळेत गेलेला नव्हता. माझ्या बाबांना स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "छे छे, पोरीला काय येत नाय. शेण आणि भाकरी, बास." मी दाराआड उभी होते. त्या दिवसापासून मला काही येत नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पासपोर्टसाठी ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करावी लागली. आमच्या ह्यांनी शाई लावून अंगठा उठवला. ग्रामसेवकाने पेन माझ्यापुढे धरलं आणि हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही करताय की काय सही? मग घरात साहेब तुम्ही आणि शिपाई हा." हे पण हसले, पण कान लाल झालेले मला दिसले. मी पेन बाजूला सारून अंगठा पुढे केला. ग्रामसेवकाने शेजारी लिहिलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. माझ्या अंगठ्याशेजारचं ते अक्षर मी उलट्या बाजूने वाचलं आणि खाली मान घालून उभी राहिले. पासपोर्टावर अंगठा, व्हिसाच्या कागदांवर अंगठा. एजंट तर खूशच झाला. म्हणाला, "बरंय. वाचणारी मोलकरीण गोऱ्यांनाही नको असते."

आमचे हे, सासूबाईंचा जनू, शारजाला शटरिंगच्या सुतारकामाला आधीच आले होते. मूलबाळ नव्हतं, म्हणून मीही आले. मला काम मिळालं रास अल खैमाला, सिमेंटच्या कारखान्यातल्या इंजिनियर साहेबांच्या घरी. बागेत बोगनवेल होती, पण तिच्या पानांवर कायम पांढरी धूळ. मॅडमचं नाव एडिथ. उंच, हाडकुळ्या, दोन चष्मे गळ्यात अडकवलेल्या. हिंदी बोलायच्या ती दुकानदारांकडून आणि ड्रायव्हरांकडून शिकलेली, सगळ्यांना 'तुम' आणि सगळं पुल्लिंगी. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "शेवंती, तुम अच्छा आदमी लगता." मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कधीच कोणी जेवत नसे. तिथे बुटांचे खोके मांडलेले असत आणि त्यांत पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या ठासून भरलेल्या. इंग्लंडमध्ये त्यांचं गाव बाजाराचं. दर बुधवारी गुरांचा बाजार भरायचा, आमच्याकडे आठवड्याचा भरतो तसाच. त्या गावच्या चर्चमध्ये दोनशे-अडीचशे वर्षांपासून झालेली सगळी लग्नं वहीत लिहून ठेवलेली होती. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, कोण कुठला, साक्षीदार कोण, खाली पाद्र्याची सही. वह्या जुन्या झाल्या, पानं हाताळली की झडतात, म्हणून गावची चार वयस्कर माणसं मिळून त्यांची नक्कल करत होती. मॅडमना झेरॉक्सचे गठ्ठे पोस्टाने यायचे. एका लग्नाची एक चिठ्ठी. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारत, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं, माझ्या लग्नात असं पुकारलं असतं तर आमच्या गुरुजींनी उठून सांगितलं असतं, हिचा तिसरीत पहिला नंबर होता.

भांडी झाली की अकरा ते एक मी त्यांच्या शेजारी बसायचे. त्यांचे डोळे ओळ चुकत. एक लाकडी पट्टी होती, कडेला शाईचे डाग पडलेली. ती मी ओळीखाली धरायची. त्या ओळ मोठ्याने वाचत, चिठ्ठीवर उतरवत आणि म्हणत, "टिक." मग मी पट्टी एक ओळ खाली सरकवायची. पान संपलं की "खलास" आणि चहा. त्यांचा एक नियम होता. जे लिहिलंय तेच उतरवायचं. पाद्र्याने नाव चुकीचं लिहिलं असलं तरी तसंच. "हम ठीक करेगा, तो हम झूठ लिखेगा," असं त्या म्हणायच्या. आठ वर्षं मी ती पट्टी धरली. एवढं शांत काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

दुसरं एक काम मला एकटीला दिलं होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या नावापुढे फुली असे. पाद्री नाव लिहायचा, मधे ते माणूस फुली मारायचं आणि बाजूला लिहिलेलं असायचं, अमक्याची निशाणी. मॅडमनी मला तो शब्द समजावून सांगितला तेव्हा माझी नजर माझ्या अंगठ्याकडे गेली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा... तेच ते. मी सहीवाल्यांच्या चिठ्ठ्या एकीकडे आणि फुलीवाल्यांच्या दुसरीकडे लावायची. फुली कोणालाही ओळखता येते, म्हणून हे काम माझ्याकडे. फुल्याही सारख्या नसतात. कोणी दाबून मारलेली, कोणाची थरथरलेली, एकीने तर फुली मारताना शाई सांडलेली. मॅडम म्हणायच्या, "बेचारा लोग."

वर्षभराने त्यांच्या मनात आलं, मला शिकवायचं. मी नको नको म्हटलं, त्यांना वाटलं मी लाजते. लाजत होतेच. एबीसीडी मला खरंच येत नव्हती, आमच्या वेळी चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं. पण पेन्सिल धरता येत होती, अक्षराला अक्षर जोडलं की शब्द होतो हे ठाऊक होतं. दोन महिन्यांत मी चिठ्ठ्यांवरची नावं वाचायला लागले. मॅडमना कोण आनंद. पाहुणे आले की मला बोलावून घेत आणि सांगत, हिने जन्मात पेन्सिल धरली नव्हती. शुक्रवारी हे भेटायला आले की त्यांनाही सांगत, "तुम्हारा बीबी बहुत हुशियार." हे मागच्या अंगणात पायरीवर बसून चहा प्यायचे आणि मला म्हणायचे, "काय गो मडमे, आता आमाला विसरशील." मी हसायचे. त्या घरात मला कोणी कधी वाईट बोललं नाही, आणि मी दोघांनाही खोटं दाखवत होते.

मग हॅना आली.

हॅना म्हणजे मॅडमच्या आजीची आजी की पणजी, तसं काहीतरी. तिच्यापर्यंत त्यांचा माग नीट लागत होता. एका गुराख्याशी तिचं दुसरं लग्न झालेलं, तेव्हा हॅना विधवा होती, आणि वहीत दोघांच्याही नावापुढे फुली. पण पहिल्या नवऱ्याआधीची हॅना कोण, कोणाची मुलगी, ते सापडेना. मॅडम रोज शोधत. एक दिवस आधीच्या वर्षांचा गठ्ठा आला आणि त्यात एक हॅना निघाली. खोगीर बनवणाऱ्याशी लग्न झालेली. खोगीरवाल्याचं आडनाव विधवा हॅनाच्या आडनावाशी जुळत होतं. मॅडम खुर्चीतून उठल्याच. मग त्यांनी खाली बघितलं आणि परत बसल्या. या हॅनाने सही केली होती. गोल, सुबक, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली सही. "नहीं, ये दूसरा है," मॅडम म्हणाल्या. "जिसको लिखना आता, वो क्रॉस क्यों मारेगा?" त्या आडनावाची आणखी दोन घरं गावात होती, त्यांपैकी एखाद्या घरची असेल फुलीवाली. त्यांनी दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या खोक्यांत ठेवल्या.

माझ्या हातात तेव्हा पट्टी होती. मला त्या क्षणी कळलं होतं. खोगीरवाल्याला सही येत होती, म्हणून त्याच्या शेजारी हिनेही केली. गुराख्याला येत नव्हती. त्याने फुली मारली, पाद्र्याने पेन हिच्यापुढे धरलं, गुराख्याचे कान लाल झाले असतील... आणि हिनेही फुली मारली. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मॅडमना कसं कळणार? त्यांच्या आयुष्यात कोणी त्यांच्यापुढे असं पेन धरलं नव्हतं.

बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कशावरून म्हणतेस, असं त्यांनी विचारलं असतं तर मला माझं सांगावं लागलं असतं. मग त्यांनी ज्यांना ज्यांना माझं कौतुक सांगितलं त्या सगळ्यांपुढे त्या खोट्या पडल्या असत्या. आणि शुक्रवारी ह्यांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. ह्यांना कळलं असतं की अकरा आणि किती वर्षं ही बाई आपल्यासमोर आपल्यासारखी होऊन बसली. आपली कीव करत बसली. मी उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नाही सांगितलं, आज कसं सांगू. मॅडमनी आजूबाजूच्या सगळ्या चर्चना पत्रं लिहिली. ती पोस्टात टाकायला मीच जायची. उत्तरं यायची, नाही, अशी हॅना आमच्याकडे नाही. त्या पाकीट फोडायच्या, वाचायच्या, चष्मा काढून डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, "यहाँ रास्ता खलास, शेवंती." मी चहा टाकायला उठायचे. एक दिवस नाही, एक वर्ष नाही. सात वर्षं.

मग मॅडमच्या पोटात दुखायला लागलं. दुबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते साहेबांनी मला खुणेनेच सांगितलं. दोन महिन्यांत घर आवरलं. निघायच्या दिवशी सगळीकडे खोके बांधलेले होते. फक्त बुटांचे दोन खोके मॅडमच्या मांडीवर, ते सामानात द्यायचे नाहीत म्हणून. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, अंगात काही उरलं नव्हतं. साहेब बाहेर ड्रायव्हरशी बोलत होते. मी त्यांना शाल द्यायला गेले आणि काय झालं कोण जाणे, खोक्यांतून त्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मला जागा पाठ होत्या. दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडम, ये एक ही है."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमको कैसे मालूम?"

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर माझं पूर्ण नाव मराठीत लिहिलं. माझं, ह्यांचं, आडनाव. न थांबता, वरची रेघ एका दमात ओढून, गुरुजी ओढायला लावायचे तशी. मग त्याच्या खाली अंगठा टेकवला. शाई नव्हती, नुसताच टेकवला. "मेरा आदमी को नहीं आता," मी म्हणाले. "शादी का रजिस्टर में मैंने भी ऐसा किया."

मॅडमनी ती चिठ्ठी हातात घेतली. त्या हुशार होत्या, दुसरं काही समजवावं लागलं नाही. मग म्हणाल्या, "कब से मालूम था? हॅना का?"

"सात साल."

त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. रागावल्या, की दुखलं, की मनातल्या मनात गुराख्याच्या आधीच्या हॅनाकडे गेल्या... मला त्यांचा फक्त कान आणि गालाचं हाड दिसत होतं. तेवढ्यात साहेब आत आले, "यल्ला," चला म्हणून. मी मॅडमना दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला होता, पण तोल जाऊ नये म्हणून माणूस कोणाचाही धरतो. मी शारजाला एका ख्रिस्ती कुटुंबात कामाला लागले, आणि चार महिन्यांनी तो फोन.

फोननंतर दोन आठवड्यांनी साहेबांचं पार्सल आलं. आत ती लाकडी पट्टी, आणि दोन चिठ्ठ्या, सहीवाली हॅना आणि फुलीवाली हॅना. एका टाचणीने जोडलेल्या. चिठ्ठीचा कागद एवढासा, त्यावर दुसरं काही लिहिलेलं नाही. टाचणी मॅडमनी लावली, की पाठवताना हरवू नयेत म्हणून साहेबांनी? साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. मी विचारलेलं नाही.

त्याच सुमारास माझ्या पासपोर्टाची दहा वर्षं भरत आली. हे सुट्टी काढून माझ्याबरोबर दुबईला कॉन्सुलेटमध्ये आले. खिडकीतल्या माणसाने जुना पासपोर्ट उघडला, अंगठा बघितला आणि न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला. हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "साइन करूंगी." तो म्हणाला, "पुराने में तो अंगूठा है, बहनजी." मी म्हटलं, "सीख लिया." आणि पेन घेऊन सही केली. मराठीत.

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली. बस मुंगीच्या पावलाने चाललेली. हे खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "मॅडमनं शिकवलंन होय तुला?"

"हो."

जरा वेळाने, तसंच बाहेर बघत म्हणाले, "मॅडमला मराठी कुठं येत होतं गो?"

मी सगळं सांगितलं. बाबांचं, ग्रामपंचायतीचं, हॅनाचं. पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळून बघत होते तरी थांबले नाही. आमचा थांबा आला, उतरले, "शुक्रवारी बघू," म्हणाले आणि कामगारांच्या कॅम्पच्या गाडीत बसले.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, घरची मंडळी चर्चला गेली होती. हे स्वयंपाकघराच्या दाराने आले, खुर्चीवर टेकले आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत व्हिसाच्या झेरॉक्सबरोबर एक पत्र होतं, घड्यांवर फाटत आलेलं. तीन वर्षांपूर्वीचं, धाकट्या दिरांचं. सासूबाई गेल्या त्याच्या दोन महिने आधी आलेलं.

"कॅम्पात तो मास्तर होता ना चिपळूणचा, त्यानं वाचून दावलंन तेव्हा," हे म्हणाले. "आय बरी हाय म्हणाला. पत्र एवडं मोटं, आणि त्यानं वाचलंन एवडंसं. मला तेव्हाच वाटलं होतं. पन दुसऱ्याकडं न्यायची छाती झाली नाय." पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तू वाच."

मी पेटीतून मॅडमची पट्टी आणली, कारण पत्राच्या ओळी घड्यांवर एकमेकींत शिरल्या होत्या. पहिल्या ओळीखाली धरली. डोळे मात्र आधीच चार ओळी पुढे गेले होते. चिपळूणच्या मास्तरने काय गाळलं आणि का गाळलं, ते मला दिसलं. त्या वेळी ह्यांना रजा मिळणार नव्हती, तोही भला माणूस असणार. मलाही गाळता आलं असतं. ह्यांना काय कळणार होतं?

जे लिहिलंय तेच.

मी वाचायला लागले. गाई व्याल्याचं, भात लावल्याचं. ओळ संपली की हे "हां" म्हणत, आणि मी पट्टी खाली घेई. पाचवी ओळ आली. "आईला उठवत नाही, तरी रोज दुपारी धरून पडवीत बसवायला लावते. सारखी विचारते, जनूचं विमान आलं का..."

ओट्यावर डोशाचं पीठ फुगून भांड्याच्या काठाशी आलं होतं. मी पट्टी होती तिथेच दाबून धरली.

"हां," हे म्हणाले. "पुढं."

मी पट्टी एक ओळ खाली सरकवली.